म्हैस गेली, पंचनामा आला

पुरात दगावलेल्या जनावरासाठी सरकार पैसे देते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण किती देते, कोणाला देते आणि ते मिळवण्यासाठी काय काय करावे लागते, हे मात्र गोठा रिकामा झाल्यावरच कळते. काशीच्या गंगाकाठापासून मराठवाड्याच्या सीनाकाठापर्यंत ही कथा सारखीच आहे.

काशीला जाऊन आलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात. एक गंगेचा घाट आणि दुसरी कुल्हडातली लस्सी. कचौडी गल्लीतली रबडी, थंडीच्या दिवसांत पहाटे विकला जाणारा फेसाळ मलइयो, पेढे, खवा, दही... वाराणसीची अर्धी खाद्यकीर्ती दुधावर उभी आहे. घाटावर फोटो काढणारा यात्रेकरू ती लस्सी चाटूनपुसून संपवतो आणि कुल्हड फोडून पुढे निघतो. हे दूध आले कुठून, असा प्रश्न त्याला पडत नाही, आणि पडायचे कारणही नसते.

ते दूध येते शहराभोवतालच्या खेड्यांतून. कोणाच्या दारात दोन म्हशी, कोणाकडे तीन गायी, एखादे वासरू, चार शेळ्या. जमीन थोडी किंवा मुळीच नाही. शेतीचे पैसे वर्षातून एकदोनदा हाती येतात, दुधाचे मात्र रोज किंवा आठवड्याला. मुलांची फी, तेलमीठ, औषधपाणी हे सारे त्या दुधावर चालते. आणि दूध काढण्यापासून शेण काढण्यापर्यंतची बहुतेक कामे घरातल्या बाईच्या वाट्याला असतात. अशा घरात म्हैस म्हणजे केवळ जनावर नसते. ती घरातली कमावती असते.

ही कमावती एका रात्रीत गेली तर?

पाणी दोन वाटांनी येते

वाराणसीत गंगेची इशारा पातळी 70.262 मीटर आणि धोक्याची पातळी 71.262 मीटर धरली जाते. आजवरचा सर्वांत मोठा पूर 1978 च्या सप्टेंबरमधला. तेव्हा पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. त्यानंतर 2013, 2016, 2021, 2022 आणि 2025 या वर्षांतही गंगेने धोक्याची रेषा ओलांडली. म्हणजे हा काही शंभर वर्षांतून एकदा येणारा पाहुणा नव्हे. घरात आज लहान असलेले मूल मोठे होईपर्यंत त्याने असे दोनतीन पूर सहज पाहिलेले असतील.

वर्तमानपत्रांत छापून येतात ती घाटांची छायाचित्रे. मंदिराची शिखरे पाण्यात, आरती गच्चीवर, अंत्यसंस्कार गल्लीत. पण पुराचा खरा मार बसतो तो घाटांपासून दूर. गंगा चढली की तिला मिळणारी वरुणा नदी पुढे वाहू शकत नाही आणि तिचे पाणी उलटे मागे फिरते. मग वरुणाकाठच्या सखल वस्त्यांत आणि शेतांत पाणी शिरते. ते धो धो कोसळत येत नाही, गुपचूप चढते. संध्याकाळी पायरीशी असलेले पाणी पहाटे दावणीपाशी येते.

दुसरा भाग म्हणजे चिरईगाव ब्लॉकमधला ढाब. एका बाजूला गंगा आणि दुसऱ्या बाजूला तिचाच फाटा, ज्याला तिकडे 'सोता' म्हणतात, यांच्यामध्ये हा जमिनीचा पट्टा आहे. मोकलपूर, गोबरहा, रामचंदीपूर, मुस्तफाबाद ही तिथली गावे. जमीन गाळाची, भाजीपाला उत्तम आणि गवताला तोटा नाही; म्हणून गुरेही पुष्कळ. पण पावसाळ्यात सोता भरला की ढाबाचे बेट होते. माणसे नावेने पलीकडे जातात. म्हशीला नावेत कसे बसवणार?

याच गंगाकाठाची म्हणून एक देशी गाय आहे, गंगातीरी. वाराणसी, गाझीपूर, बलिया, चंदौली हे तिचे माहेर. दूध बेताचे देते, पण तिथल्या उष्ण-दमट हवेत टिकते आणि साध्या चाऱ्यावर भागवते. वाराणसीजवळ शहंशाहपूरला या जातीच्या संवर्धनाचे सरकारी केंद्रही आहे. म्हणजे नदीच्या काठी राहणे हे इथल्या माणसांनी आणि जनावरांनी काही हौसेने निवडलेले नाही. पिढ्यान् पिढ्या त्यांचा संसार तिथेच आहे.

माणूस निघतो, पाय निघत नाही

पूर आला की प्रशासन शाळांमधून मदत शिबिरे उघडते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 11 वी तुकडी तर वाराणसीतच ठाण मांडून असते. नावा येतात, लोकांना बाहेर काढतात. तरीही प्रत्येक पुरात काही माणसे घर सोडायला तयार होत नाहीत. बायका-मुलांना पुढे पाठवून पुरुष गच्चीवर किंवा उंचवट्यावर बसून राहतात. शहरातल्या माणसाला हा अडाणीपणा वाटतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढले, तेव्हाही हेच दिसले होते. लोक म्हणत होते, आधी जनावरे काढा, मग आम्ही निघतो.

यात अडाणीपणा नाही, सरळ हिशेब आहे. घर पडले तर कधी ना कधी उभे राहील. पण दुभती म्हैस गेली तर उद्या सकाळी हातात काय? चांगली दुभती म्हैस विकत घ्यायची तर रक्कम लाखाच्या घरात जाते. ती जमवायला ज्या घराला चारपाच वर्षे लागली, ते घर तिला सोडून कसे निघणार?

आणि ज्यांना निघावेच लागते, त्यांच्या हातून घाईत एक चूक होते. जनावराचे दावे सोडायचे राहून जाते. मोकळी म्हैस पोहून तग धरू शकते, उंचवटा शोधते. बांधलेली म्हैस जागच्या जागी बुडते.

सरकारी तराजूत म्हैस किती?

आता पैशांकडे वळू. देशात आपत्तीच्या मदतीसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. बहुतेक राज्यांत त्यातला 75 टक्के वाटा केंद्राचा आणि 25 टक्के राज्याचा. कोणत्या नुकसानीला किती द्यायचे याचे दरपत्रक केंद्र सरकार ठरवते आणि ते उत्तर प्रदेशला लागू असते तसेच महाराष्ट्रालाही.

2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरवलेले दर असे होते. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500 रुपये. शेळी, मेंढी किंवा डुक्कर 4,000 रुपये. बैल, घोडा, उंट अशा ओढकामाच्या जनावराला 32,000 रुपये. वासरू, गाढव, शिंगरू, खेचर यांना 20,000 रुपये. कोंबडीला 100 रुपये, पण एका कुटुंबाला जास्तीत जास्त 10,000. घराला लागून असलेला गोठा पडला तर 3,000 रुपये. त्याआधी, 2015 ते 2020 च्या दरपत्रकात, म्हशीचा दर 30,000 होता. म्हणजे वाढ झाली, नाही असे नाही.

पण या दरांना एक कुंपण आहे. एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरे जास्तीत जास्त तीन, किंवा लहान दुभती तीस, किंवा ओढकामाची मोठी तीन अथवा लहान सहा, एवढ्यांचीच मदत मिळते. मग प्रत्यक्षात कितीही दगावोत. आणि जनावर 'उत्पादक' असले पाहिजे.

उदाहरणच घ्यायचे तर, समजा ढाबातल्या एका घरात पाच दुभत्या म्हशी होत्या आणि पाचही गेल्या. लाखाच्या भावाने नुकसान पाच लाखांचे. मदत तीन म्हशींची, म्हणजे 1,12,500 रुपये. या रकमेत एक म्हैस येईल, थोडा भुसा येईल. पाच म्हशींच्या घराचे एका म्हशीचे घर झाले. शेजारणीची एकच म्हैस होती, ती गेली. तिला 37,500 मिळाले. त्या पैशांत तिला म्हैस येत नाही. एखादी लहान वगार येईल, पण ती वाढून, गाभण राहून दूध देईपर्यंत दोनतीन वर्षे निघून जातात. तोवर घर कशावर चालायचे?

तीनशे कोंबड्या पाळणाऱ्याचे गणित तर आणखीच अजब. शंभर कोंबड्यांवर त्याची 10,000 ची मर्यादा संपली. उरलेल्या दोनशे सरकारच्या लेखी मेल्याच नाहीत.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. नियमांच्या भाषेत ही 'मदत' आहे, 'भरपाई' नव्हे. ज्याचे जेवढे गेले तेवढे भरून देण्याचा वायदा सरकारने कधी केलेलाच नाही. संकटात पाय रोवायला हात द्यावा, इतकाच हेतू आहे. एकाच निधीतून मृतांच्या वारसांना, पडलेल्या घरांना, बुडालेल्या पिकांना आणि शिबिरातल्या जेवणाला पैसे द्यायचे असतात. मोठ्या गोठेवाल्यांनीच सारा निधी उचलू नये म्हणून मर्यादा घातली, हेही समजण्यासारखे आहे. पण नियम लिहिणाऱ्यांच्या मनात हा फरक स्पष्ट असला, तरी गावात तो कोणी समजावून सांगत नाही. पुढारी येतात, 'नुकसानभरपाई देऊ' म्हणून जातात. लोक भरपाईची वाट पाहतात आणि हाती मदत येते. निम्मा संताप तिथेच जन्मतो.

मेलेल्या म्हशीचा पुरावा

रक्कम अपुरी असली तरी ती वेळेवर मिळाली तर आधार होतो. पण तिथेही कागदांची नदी ओलांडावी लागते. जनावर दगावले की उत्तर प्रदेशात लेखपालाला कळवायचे. आपल्याकडे ते काम तलाठ्याचे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मग पंचनामा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने शव पाहून दिलेला दाखला. त्यानंतर तहसील, वरून मंजुरी आणि शेवटी पैसे थेट बँक खात्यात.

कागदावर हे सोपे दिसते. पण पूर चढलेला असताना लेखपालाकडे डझनभर गावांचे काम असते, पशुवैद्याला गावात पोहोचायला रस्ता नसतो आणि ऑगस्टच्या उकाड्यात शव दोन दिवसही ठेवता येत नाही. ते तसेच ठेवले तर रोगराई पसरते आणि पुरून टाकले तर पुरावा जातो. आणि जी म्हैस वाहूनच गेली, तिचे शव आणायचे कुठून? मग ती म्हैस खरोखर होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्या मालकावर येते. ज्याचे घरच पाण्यात आहे, त्याच्याकडे कागद मागितले जातात.

इथेच एका छोट्याशा पिवळ्या बिल्ल्याचे मोल कळते. जनावराच्या कानात मारलेल्या या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. 2019 च्या सप्टेंबरमध्ये मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लसीकरणाबरोबर असे बिल्ले मारण्याचे काम देशभर वाढले. त्या क्रमांकापुढे जनावराची जात, वय आणि मालकाचे नाव नोंदलेले असते. जनावर वाहून गेले तरी नोंद वाहून जात नाही. पण पुष्कळ घरांत 'कान फाटेल', 'दूध कमी होईल' अशा भीतीने बिल्ला टाळला जातो, किंवा जनावर विकल्यावर नव्या मालकाचे नाव चढवायचे राहून जाते. मग म्हैस एकाची आणि नोंद दुसऱ्याची.

नाव कोणाचे, कष्ट कोणाचे?

या साऱ्यात काही माणसे अलगद गळून पडतात. पूर्व उत्तर प्रदेशात जनावर 'अधिया'वर पाळण्याची पद्धत आहे. जनावर एकाचे, पाळणारा दुसरा. वासरे किंवा विक्रीचे पैसे निम्मे निम्मे. आपल्याकडेही शेळ्या निम्म्या वाट्याने दिल्या जातात. पाळणारा बहुधा भूमिहीन, बरेचदा विधवा किंवा एकटी बाई. जनावर मेले की मदत जाते मालकाच्या खात्यात. चार वर्षे चारापाणी करणाऱ्या बाईचे नाव कुठल्याही रकान्यात नसते.

घरातही तेच. म्हशीची सारी उस्तवार बाई करते, पण अर्जावर नाव आणि बँकेत खाते नवऱ्याचे. आलेली रक्कम म्हशीसाठीच वापरली जाईल याची खात्री कोण देणार?

आणखी एक पोकळी आहे. पुरात न मेलेल्या जनावराचे काय? चार दिवस पाण्यात उभी राहिलेली म्हैस वाचते, पण आटते. दूध निम्म्यावर येते, खुरे सडतात, ओला बुरशी आलेला भुसा खाऊन पोट बिघडते. पाणी ओसरल्यावर घटसर्प आणि फऱ्यासारखे रोग डोके वर काढतात. या बुडालेल्या दुधासाठी दरपत्रकात रकाना नाही. जनावरांच्या छावणीत चारापाण्यासाठी मोठ्या जनावरामागे रोज 80 आणि लहान जनावरामागे 45 रुपयांची तरतूद 2022 च्या दरपत्रकात होती, पण छावणी उघडली तर. घरच्या गोठ्यात उपाशी उभ्या असलेल्या म्हशीला तिचा लाभ नाही.

रोगाने मेलेल्या जनावराची वाट तर पूर्ण वेगळी. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट, थंडीची लाट आहे. जनावरांची साथ नाही. 2022 मध्ये लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रात हजारो जनावरे दगावली, तेव्हा राज्य सरकारने स्वतंत्र निर्णय घेऊन गायीला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये दिले. राज्याने मनावर घेतले तर नियमांपलीकडे जाता येते, हे त्यातून दिसले.

तेच पुन्हा 2025 मध्ये दिसले. त्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूरच्या नद्यांनी गावेच्या गावे वेढली. दावणीला बांधलेल्या गुरांची बुडालेली छायाचित्रे सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने जे मदतीचे पॅकेज जाहीर केले, त्यात दगावलेल्या जनावरांसाठी तीनची मर्यादा काढून टाकली. दर तेच राहिले, पण पाच म्हशी गेलेल्या माणसाला पाच म्हशींची मदत मागता आली. काशीकाठच्या गोपालकालाही हे का मिळू नये, असा प्रश्न मग साहजिकच उभा राहतो.

पाणी येण्याआधी

'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केली नाही. जनावर गेल्यावर गोठ्याला दार लावून काय उपयोग? सरकारने काय करावे ते करीलच. पण घराने चार गोष्टी पावसाळ्यापूर्वी केल्या तर संकटाची धार पुष्कळ बोथट होते.

पहिली गोष्ट, प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आणि नोंदीत आपले नाव. शक्य असेल तर घरातल्या बाईचे. जनावर विकत घेतले की त्याच आठवड्यात नाव बदलून घ्यावे.

दुसरी, बिल्ला दिसेल असा जनावराचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा आणि दूरच्या एखाद्या नातेवाइकालाही पाठवावा. घर बुडाले तरी फोटो वाचतो. दूध संघाच्या पावत्या, लसीकरणाचा कागद, खरेदीची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावी. वाहून गेलेल्या म्हशीची साक्ष हेच कागद देतात.

तिसरी, विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 मध्ये झालेल्या बदलानुसार हप्त्यातला पशुपालकाचा वाटा 15 टक्के ठेवला गेला आणि उरलेला भार केंद्र व राज्याने उचलायचा असे ठरले. सरकारी मदत 37,500 वर थांबते, विमा मात्र जनावराच्या ठरलेल्या किमतीवर मिळतो. दोनतीन हजारांचा पूर्ण हप्ता भरायला जीव वर येतो, पण त्यातले आपल्या वाट्याचे काहीशे रुपये भरणे अशक्य नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी. बिल्ला हरवला तर लगेच कळवावे, कारण बिल्ल्याशिवाय दावा उभा राहत नाही.

चौथी, पावसापूर्वी घटसर्प व फऱ्याची लस, उंचावर साठवलेला थोडा कोरडा चारा आणि कुठे जायचे त्या जागेचा आधीच केलेला विचार. पाणी वाढू लागले की जनावरे सर्वांत आधी हलवावीत. आणि काहीच जमले नाही, तर निदान दावी सोडावीत.

जनावर दगावलेच तर त्याच दिवशी कळवावे. जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 आणि पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. शव पुरण्यापूर्वी बिल्ल्यासकट फोटो, सरपंच आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. 'दुभती म्हैस' ऐवजी 'वासरू' लिहिले गेले तर एका शब्दात 17,500 रुपये जातात.

हे सारे केले तरी गेलेली म्हैस परत येत नाही. ज्या हाताने रोज पहाटे तिला गोंजारले, त्या हाताला रिकाम्या दावणीची सवय व्हायला वेळ लागतो. पण ती गेल्यावर घर उभे राहते की कर्जात बुडते, हे पुष्कळदा या छोट्या छोट्या कागदांवर ठरते.

पुढच्या वेळी काशीला गेल्यावर लस्सीचा कुल्हड हाती येईल, तेव्हा पलीकडच्या काठाकडे एकदा पाहावे. नदी शांत असेल, वाळूवर म्हशी पाण्यात डुंबत असतील आणि कोणी बाई त्यांना हाका मारत उभी असेल. ती आज दुधाच्या हिशेबात असेल. पावसाळ्यात मात्र तिची नजर त्या शांत नदीवरच खिळलेली असते.